घरचा डीटीबी पार्सर काढून लिबएफडीटी घ्यावी का? (बूटलोडर, आर्म ६४)

भोसरी_बेअरमेटल

मंडळी, भोसरीत बनणाऱ्या एका कंट्रोलर बोर्डाच्या बूटलोडरबद्दल सल्ला हवाय. कॉर्टेक्स-ए५३, १६ एमबी नॉर फ्लॅश, रॅम ५१२ एमबी. बूटलोडर (कर्नल चढवून सुरू करणारा प्रोग्राम) घरचा आहे, यू-बूट हा प्रचलित मुक्त बूटलोडर नाही. डिव्हाइस ट्री (बोर्डावर कोणतं हार्डवेअर कुठे आहे ते कर्नलला सांगणारं झाड; डीटीएस हा त्याचा सोर्स, डीटीबी हे कंपाइल केलेलं बायनरी रूप) वाचायला स्वतःचा साधारण ६०० ओळींचा सी कोड आहे: मॅजिक तपासतो, नोड शोधतो, प्रॉपर्टी काढून देतो. लिहायचं काम एकच, बूटआर्ग्ज, म्हणजे कर्नलला द्यायची कमांड-लाइन. त्यासाठी डीटीएसमध्येच २५६ बाइटांची रिकामी स्ट्रिंग ठेवलीय आणि तिच्यावर खरी स्ट्रिंग चढवली जाते.

आता काम वाढलंय. एकाच इमेजवर ५१२ एमबी आणि १ जीबी असे दोन्ही बोर्ड चालायला हवेत. दोन इथरनेट पोर्टांचे मॅक पत्ते ईईप्रॉममधून घ्यायचेत. शिवाय चाकणच्या लाइनवर लागणाऱ्या आयओ कार्डासाठी ओव्हरले (मूळ ट्रीवर वरून चढवायचा छोटा ट्री) लावायचाय. हे सगळं घरच्या कोडात कोंबायचं की सरळ लिबएफडीटी, म्हणजे ट्री वाचायची-बदलायची तयार सी लायब्ररी, आणायची? शंका तीन. बूटलोडरच्या पहिल्या टप्प्याला एसरॅम (चिपमधली छोटी मेमरी) फक्त ६४ केबी आहे, त्यात मावेल का? बूटलोडरचा सोर्स आम्ही देत नाही, मग लायसन्सचं काय? आणि बाहेरचा कोड एकदा आत घेतला की तो जन्मभर सांभाळायचा, त्याचं काय?

खडकीकर

घ्या. ओव्हरले म्हणालात तिथेच प्रश्न मिटला.

ओव्हरले लावायचा म्हणजे त्यातले सगळे फँडल (नोडांचे ओळख-क्रमांक) मूळ ट्रीतल्या सर्वांत मोठ्या फँडलच्या पुढे सरकवायचे, '__लोकल_फिक्सअप्स__' वाचून आतले संदर्भ बदलायचे, '__फिक्सअप्स__' वाचून मूळ ट्रीतल्या लेबलांशी जोडायचे, मग नोड मिसळायचे, आणि शेवटी '__सिम्बॉल्स__' अद्ययावत करायचे. हे हाताने लिहायला बसलात तर ६०० ओळींच्या २,००० होतील, आणि त्यातले बग शोधायला तुमच्याशिवाय जगात कुणी नसेल.

ही लायब्ररी का जन्मली तेही बघा. पॉवरपीसीवर यू-बूट पूर्वी कर्नलला 'बीडी_टी' नावाचं सी स्ट्रक्चर द्यायचा. त्या स्ट्रक्चरची एक व्याख्या यू-बूटमध्ये, दुसरी कर्नलमध्ये. एका बाजूला मध्येच एखादं फील्ड वाढलं की दुसरीकडे घड्याळाच्या वेगाच्या जागी भलताच आकडा. २००५ पासून पॉवरपीसीच्या नव्या कर्नल-शाखेत सपाट डिव्हाइस ट्री आला आणि हे भांडण मिटलं. पण मग प्रत्येक बूटलोडरने तो ट्री बदलायला आपापला कोड लिहायला घेतला. यू-बूटचाही होता. २००७ मध्ये तो काढून तिथे डेव्हिड गिब्सन यांची लिबएफडीटी बसवली गेली. आज ओपनएसबीआय, ट्रस्टेड फर्मवेअर-ए, ऑप-टी, झेन, क्यूएमू, फ्रीबीएसडी आणि खुद्द लिनक्स कर्नल हाच कोड वापरतात. तुम्ही आत्ता २००६ सालात उभे आहात, एवढंच.

शून्य_ऑफसेट

जरा थांबा, सगळ्यांनीच घेतली असं नाही. ग्रबचा स्वतःचा कोड आहे, कोअरबूटचाही. कोअरबूट सपाट ट्री उलगडून मेमरीत पॉइंटरांचं झाड करतो, हवे ते बदल त्यात करतो आणि शेवटी पुन्हा सपाट करतो. भरपूर बदल करायचे असतील तर ती पद्धत उजवी आहे, कारण लिबएफडीटीत प्रत्येक प्रॉपर्टी वाढवताना पुढचा सगळा ब्लॉब (सलग बायनरी डेटा) ढकलला जातो.

वाचनाचीही तीच गत. इथे कुठलाही इंडेक्स नाही. 'एफडीटी_पॅरेंट_ऑफसेट' किंवा 'एफडीटी_नोड_ऑफसेट_बाय_फँडल' बोलावलं की ट्री पहिल्यापासून चाळला जातो. कॅश बंद असलेल्या टप्प्यात लूपमध्ये असं केलंत तर बूटला लागणारा वेळ डोळ्यांना दिसेल. यू-बूटनेही २०१७ मध्ये रीलोकेशननंतरच्या (बूटलोडर रॅममध्ये हलल्यानंतरच्या) टप्प्यासाठी असा उलगडलेला 'लाइव्ह ट्री' आणला, तो उगाच नाही.

खडकीकर

@शून्य_ऑफसेट, पाच-सहा प्रॉपर्ट्या आणि एक ओव्हरले यासाठी झाड उलगडायचं म्हणजे आधी मॅलॉक (चालू असताना मेमरी वाटून देणारं फंक्शन) हवा. लिबएफडीटीला मॅलॉक लागत नाही, ग्लोबल व्हेरिएबल लागत नाही. बफर तुम्ही द्यायचा, ती त्याच्या बाहेर जात नाही. घरच्या बूटलोडरला याहून काय हवं?

सोल्डरताई

लायसन्सचं आधी मिटवू. लिबएफडीटी दुहेरी लायसन्सखाली आहे: जीपीएल आवृत्ती २ किंवा पुढची, अथवा बीएसडी २-कलमी. निवड तुमची. बीएसडी घेतलंत तर सोर्स देण्याचं बंधन नाही. कॉपीराइटची ओळ, दोन्ही अटी आणि डिस्क्लेमर मात्र उत्पादनाच्या कागदपत्रांत छापावा लागतो. पीडीएफ मॅन्युअलचं शेवटचं पान चालतं.

पण लोक फसतात ते लायब्ररीत नाही, शेजारी. त्याच रिपॉझिटरीत असलेला 'डीटीसी' कंपायलर जीपीएल आहे. तो बिल्ड मशिनवर चालवायला काहीच हरकत नाही, त्याच्या फाइली बूटलोडरमध्ये ओढायच्या नाहीत. कॉपी करताना फक्त 'लिबएफडीटी' हा फोल्डर उचला. दुसरं, कर्नलमधून उचललेल्या डीटीएसआय (डीटीएसमध्ये ओढायच्या) फाइली. काही दुहेरी लायसन्सच्या आहेत, काही निव्वळ जीपीएल २. प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत एसपीडीएक्सची (लायसन्स सांगणारी) खूण असते, ती वाचा. 'डीटी-बाइंडिंग्ज'मधल्या हेडरांनाही तेच लागू.

आता साईझ. सगळी लायब्ररी पहिल्या टप्प्यात न्यायची गरजच नाही. फाइली मुद्दाम कामाप्रमाणे तोडलेल्या आहेत:

'एफडीटी.सी' आणि 'एफडीटी_आरओ.सी' हे फक्त वाचन.
'एफडीटी_अॅड्रेसेस.सी' हे अॅड्रेस-सेल्स, साइझ-सेल्स, म्हणजे पत्ता आणि साईझ किती ३२-बिट सेलांत लिहिलेत ते.
'एफडीटी_डब्ल्यूआयपी.सी' म्हणजे जागच्या जागी, लांबी न बदलता लिहिणं.
'एफडीटी_आरडब्ल्यू.सी' म्हणजे लांबी बदलणारं लिहिणं.
'एफडीटी_एसडब्ल्यू.सी' म्हणजे कोऱ्या बफरात ओळीने ट्री रचणं. तुम्हाला नको.
'एफडीटी_ओव्हरले.सी' नावाप्रमाणे.
'एफडीटी_चेक.सी' म्हणजे पूर्ण तपासणी.
'एफडीटी_स्ट्रएरर.सी' म्हणजे एररचं नाव छापणं. दुसऱ्या टप्प्यात नक्की घ्या, नुसते उणे आकडे वाचत बसू नका.

पहिल्या टप्प्याला पहिल्या दोन, फार तर तीन. कंपाइल करताना फंक्शन-सेक्शन्स आणि लिंकरला जीसी-सेक्शन्स दिलं की न वापरलेली फंक्शनं गळून पडतात. बाकी आकडा माझ्याकडून घेऊ नका, 'साईझ' कमांड चालवून आधीचा-नंतरचा फरक बघा. तरी जड वाटलं तर 'एफडीटी_अझ्यूम_मास्क' आहे. त्याने लायब्ररीच्या आतल्या तपासण्या कंपाइल करतानाच वगळता येतात.

मुठाकाठ

मास्कबद्दल एक इशारा. ज्या टप्प्यात डीटीबी तुमच्याच डिजिटल सही तपासलेल्या इमेजमधून येतो तिथेच तो वापरा. आयओ कार्डाच्या ईईप्रॉममधून ओव्हरले वाचणार असाल तर त्या टप्प्यात मास्क शून्यच हवा. तपासण्या काढलेली लायब्ररी आणि बाहेरून आलेला ब्लॉब ही जोडी म्हणजे दार उघडं ठेवून कुलूप खिशात.

बाहेरच्या ब्लॉबला 'एफडीटी_चेक_हेडर' पुरत नाही. ते फक्त हेडर बघतं: मॅजिक, आवृत्ती, ब्लॉकांचे ऑफसेट मर्यादेत आहेत का. आतली नोडांची रचना धड आहे का हे 'एफडीटी_चेक_फुल' सांगतं. त्याला बफरची लांबीही द्यावी लागते, आणि ती खरी लांबी द्या. हेडरमधली 'टोटलसाइझ' वाचून तीच परत दिलीत तर चोरालाच पंच केल्यासारखं होईल.

आणि क्रम: आधी सही तपासा, मग ट्रीत बदल करा. उलट केलंत तर हॅश कधीच जुळणार नाही.

भोसरी_बेअरमेटल

लायसन्सची आणि साईझची चिंता मिटली, धन्यवाद. पहिल्या टप्प्यात खरं तर डीरॅम सुरू करण्यापलीकडे काही नाही, म्हणजे ट्रीची गरज नाहीच. दुसऱ्या टप्प्यात सगळं करतो. आता प्रत्यक्ष पायऱ्या सांगा. डीटीबी नॉर फ्लॅशमध्ये आहे, थेट पत्त्यावरून वाचता येतो.

खडकीकर

आधी बिल्ड. 'लिबएफडीटी' फोल्डर जसाच्या तसा घ्या, १.७ मालिकेतला एखादा टॅग पकडून. आत 'मेकफाइल.लिबएफडीटी' आहे, त्यात फाइलींच्या याद्या व्हेरिएबलमध्ये दिल्यात. ती दुसऱ्या प्रकल्पांनी आपल्या मेकफाइलमध्ये ओढावी म्हणूनच ठेवलीय. तुमचा एकच हात लागायचा तो 'लिबएफडीटी_एन्व्ह.एच' या हेडरला. ते तुमचं स्वतःचं लिहा आणि इन्क्लूड-पाथमध्ये आधी ठेवा. लिनक्स कर्नलही तसंच करतो. त्यात पूर्णांकांचे प्रकार, बिग-एंडियन (वरचा बाइट आधी) बदलणारी फंक्शनं, आणि लायब्ररीला लागणारी स्ट्रिंग-फंक्शनं: वाचायला मेमसीएमपी, मेमसीएचआर, स्ट्रलेन, स्ट्रएनलेन, स्ट्रआरसीएचआर, लिहायला मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट, ओव्हरलेला स्ट्रटूयूएल.

इथे एक खड्डा हमखास लागतो. घरच्या बूटलोडरांमध्ये बऱ्याचदा 'मेममूव्ह' हे 'मेमकॉपी'चंच दुसरं नाव असतं. लिबएफडीटी प्रॉपर्टी घुसवताना पुढचा सगळा भाग मेममूव्हने सरकवते, म्हणजे स्रोत आणि ठिकाण एकमेकांवर चढलेले असतात. सुरुवातीकडून शेवटाकडे कॉपी करणारं फंक्शन असेल तर आधी उचललेलेच बाइट पुन्हा पुन्हा छापले जातात. लक्षण असं की पहिलं 'सेटप्रॉप' शून्य परत करतं, सगळं आलबेल दिसतं, आणि पुढच्या कॉलला 'बॅडस्ट्रक्चर', उणे ११. लोक मग लायब्ररीला शिव्या देतात.

सोल्डरताई

आणि कंपायलरला 'स्ट्रिक्ट-अलाइन' सांगा. एमएमयू बंद असताना आर्म ६४ सगळी मेमरी डिव्हाइस म्हणून बघतो, तिथे वाकड्या पत्त्यावर ८ बाइट वाचले की थेट अलाइनमेंट फॉल्ट. लायब्ररी स्वतः सांभाळून वाचते. तुमच्या कोडात मात्र प्रॉपर्टीचा पॉइंटर ६४-बिट पॉइंटरमध्ये कास्ट करून वाचू नका. स्ट्रक्चर ब्लॉकमध्ये प्रॉपर्टीची किंमत ४ बाइटांवरच जुळवलेली असते, ८ वर नाही. 'एफडीटी६४_एलडी' त्यासाठीच आहे.

खडकीकर

बरोबर. आता चालू होतानाचा क्रम.

फ्लॅशमधल्या डीटीबीवर 'चेक_हेडर' चालवा. रॅममध्ये ८ बाइटांवर जुळलेला बफर घ्या. मग 'एफडीटी_ओपन_इन्टू' ला फ्लॅशचा पत्ता, रॅमचा पत्ता आणि बफरची पूर्ण लांबी द्या. हे नुसतं कॉपी नाही. लिहिणाऱ्या फंक्शनांना आवृत्ती १७ लागते आणि ब्लॉकांचा क्रम 'आधी रिझर्व्ह, मग स्ट्रक्चर, मग स्ट्रिंग' असा लागतो. हे फंक्शन तो क्रम लावून देतं आणि 'टोटलसाइझ' बफरएवढी करतं. मेमकॉपी करून थेट 'सेटप्रॉप' मारलंत तर जागाच नसते, 'नोस्पेस' म्हणजे उणे ३ येतं.

त्यानंतर ओव्हरले, मग रॅम, मॅक, चोझन (बूटआर्ग्जसारखी बूटची माहिती ठेवणारा नोड) असे बदल, आणि शेवटी 'एफडीटी_पॅक'. पॅक केल्याशिवाय ट्रीचा आकार बफरएवढाच दिसत राहतो.

बफर किती? आधी तुमच्याच बदलांचा हिशेब मांडू. प्रत्येक प्रॉपर्टीला १२ बाइट टोकन, लांबी आणि नावाचा ऑफसेट यांत जातात. किंमत ४ च्या पटीत वाढवली जाते. नाव स्ट्रिंग ब्लॉकमध्ये आधी नसेल तर तेही वाढतं, शेवटच्या शून्यासकट. १२० अक्षरांचे बूटआर्ग्ज: १२१ चे झाले १२४, अधिक १२, अधिक नावाचे ९, एकूण १४५. इनिटआरडीची (कर्नलला सुरुवातीला लागणाऱ्या रॅम-डिस्कची) सुरुवात ६४ बिटांत: ८ अधिक १२ अधिक १९, एकूण ३९. शेवट: ३७. दोन मॅक: प्रत्येकी ६ चे ८ अधिक १२, आणि 'लोकल-मॅक-अॅड्रेस' हे नाव एकदाच १८, एकूण ५८. चोझन नोडच नसेल तर तो १६. बेरीज २९५ बाइट. म्हणजे किरकोळ बदलांना १ केबी पुष्कळ. जागा खातो तो ओव्हरले. मूळ डीटीबी, अधिक ओव्हरलेचा पूर्ण आकार, अधिक ४ केबी असा बफर धरा. ओव्हरलेत लेबलं भरपूर असतील तर त्यांचे पूर्ण पाथ '__सिम्बॉल्स__' मध्ये जातात, तिथे ४ चे ८ करा. यू-बूट स्वतः नेहमीच्या बूटला हेक्स ३०००, म्हणजे १२,२८८ बाइट जास्तीचे ठेवतो. ५१२ एमबीच्या बोर्डावर काटकसर कसली करायची? फक्त आर्म ६४ कर्नलची २ एमबीची कमाल मर्यादा ओलांडू नका.

शून्य_ऑफसेट

आता माझ्या नावाला जागून ऑफसेटबद्दल.

लिबएफडीटी नोडची ओळख म्हणून जो पूर्णांक देते तो स्ट्रक्चर ब्लॉकमधला बाइट-ऑफसेट आहे. हँडल नाही. ट्रीत कुठेही लांबी बदलली की त्या जागेच्या पुढच्या सगळ्या नोडांचे ऑफसेट सरकतात. तुम्ही सुरुवातीला 'चोझन' शोधून ठेवलात, मग त्याच्या आधी असलेल्या इथरनेट नोडमध्ये मॅक घातलात, तर चोझन २० बाइट पुढे गेला. तुमच्या हातातला आकडा आता कुठल्यातरी प्रॉपर्टीच्या पोटात बोट दाखवतोय. नशीब चांगलं असेल तर 'बॅडऑफसेट', उणे ४. 'गेटप्रॉप'ने दिलेल्या पॉइंटरचंही तेच. नियम सोपा ठेवा: लिहिण्याच्या प्रत्येक फंक्शनच्या आत, लिहिण्याच्या अगदी आधी पाथ शोधायचा. ऑफसेट कुठल्याही स्ट्रक्चरमध्ये साठवायचा नाही.

सबनोडांवर लूप चालू असताना त्यातला नोड 'डेल' करणं हाही त्याचाच भाऊ. तिथे 'एफडीटी_नॉप_नोड' वापरा. ते नोडच्या जागी नॉप टोकन ('इथे काही नाही' अशी खूण) भरतं, काही सरकत नाही. पण बहुतेक वेळा नोड उडवायचाच नसतो, 'स्टेटस' बदलायचा असतो. त्यात गंमत अशी की 'ओके' शून्यासकट ५ बाइटांचा आणि 'डिसेबल्ड' ९ चा. 'सेटप्रॉप_इनप्लेस' लांबी तंतोतंत जुळली नाही की 'नोस्पेस' देतं, भले बफरात १ एमबी मोकळी असो. तो एरर बघून बफर वाढवत बसू नका, 'सेटप्रॉप_स्ट्रिंग' वापरा.

मुठाकाठ

मेमरी नोडवर थोडं थांबू या, कारण पहिला बोर्ड तिथेच अडकतो.

समजा अॅड्रेस-सेल्स २, साइझ-सेल्स २ आणि रॅम हेक्स ४००००००० पासून. ५१२ एमबीची 'रेग' प्रॉपर्टी हेक्सडंपमध्ये अशी दिसायला हवी:

०० ०० ०० ०० ४० ०० ०० ०० ०० ०० ०० ०० २० ०० ०० ००

१ जीबीला शेवटचे चार बाइट '४० ०० ०० ००'. लांबी दोन्हीकडे १६, म्हणून इथे इनप्लेस चालतं. आता बिग-एंडियनचं रूपांतर विसरून आपल्या प्रोसेसरचाच ६४-बिट आकडा ढकललात तर साईझचे बाइट '०० ०० ०० ४० ०० ०० ०० ००' असे पडतात. कर्नल ते वाचतो २५६ जीबी. पत्त्याचंही तेच, म्हणजे २५६ जीबीपासून पुढे २५६ जीबी रॅम! कन्सोल सुरू व्हायच्या आधीच कर्नल मान टाकतो, स्क्रीनवर एक अक्षर नाही. 'सेटप्रॉप_यू३२' आणि 'यू६४' स्वतः बदलून देतात. नुसतं 'सेटप्रॉप' आणि 'इनप्लेस' कच्चे बाइट घेतात, तिथे आधी 'सीपीयू_टू_एफडीटी६४' लावायचं.

सेल्स दोनच असतील असं गृहीत धरू नका. 'एफडीटी_अॅड्रेस_सेल्स' ने पालक नोडवर विचारा. प्रॉपर्टी नसेल तर स्पेसिफिकेशनप्रमाणे पत्त्याला २ आणि साईझला १ धरलं जातं.

नोड शोधतानाही एक खाच आहे. '/मेमरी' असा पाथ दिलात तरी लायब्ररी '/मेमरी@४०००००००' शोधून देते, कारण शोधायच्या नावात '@' नसेल तर युनिट-पत्ता सोडून नाव जुळवलं जातं. सोयीचं आहे, पण असे दोन नोड असले तर पहिलाच मिळतो. सही तपासणाऱ्या कोडात हाच सैलपणा महागात पडू शकतो, तिथे पूर्ण नाव द्या. मेमरीसाठी 'डिव्हाइस_टाइप' वरून शोधणं बरं: 'नोड_ऑफसेट_बाय_प्रॉप_व्हॅल्यू' ला लांबी ७ द्यायची, ६ नाही. शेवटचं शून्य मोजलं नाही की 'नॉटफाउंड'.

मॅकसाठी पाथ लिहूच नका. स्लॅश नसलेलं नाव दिलं तर 'एफडीटी_पाथ_ऑफसेट' ते एलियस (पाथचं टोपणनाव) म्हणून सोडवतं. 'इथरनेट०', 'इथरनेट१' असे एलियस डीटीएसमध्ये ठेवा, उद्या एसओसी बदलली तरी बूटलोडरचा कोड तोच.

भोसरी_बेअरमेटल

ओव्हरले घरच्या पीसीवर लावून पाहिला, उणे १ येतोय. टार्गेटचं लेबल मूळ डीटीएसमध्ये आहे.

सोल्डरताई

मूळ डीटीबी 'डीटीसी -@' ने कंपाइल केलात का? ते नसेल तर '__सिम्बॉल्स__' नोडच तयार होत नाही, लेबल फक्त सोर्सपुरतं राहतं. उणे १ म्हणजे नॉटफाउंड तो तिथूनच. '-@' ने डीटीबी फुगतो, हिशेबात धरा.

भोसरी_बेअरमेटल

तेच होतं. लागला.

मुठाकाठ

आता कार्ड नसताना किंवा ओव्हरले बिघडलेला असताना काय करायचं ते आत्ताच ठरवा. 'एफडीटी_ओव्हरले_अप्लाय' अर्ध्यावर फसलं तर मूळ ट्री अर्धवट बदललेला असतो. म्हणून लायब्ररी मुद्दाम दोन्हींचं मॅजिक पुसते, तो ट्री पुन्हा वापरताच येऊ नये म्हणून. यशस्वी झालं तरी ओव्हरलेचं मॅजिक पुसलं जातंच, कारण त्याचे फँडल बदललेले असतात. म्हणून ओव्हरले थेट फ्लॅशमधून द्यायचा नाही, त्याचीही रॅममध्ये प्रत काढायची. फसलं तर फ्लॅशमधल्या डीटीबीवरून पुन्हा 'ओपन_इन्टू', आणि कार्डाशिवाय बूट. लाइन बंद पडण्यापेक्षा आयओ नसलेला पण नेटवर्कवर दिसणारा कंट्रोलर केव्हाही परवडला.

ओव्हरले सगळ्यांत आधी लावायचा तो याचसाठी. मॅक आणि बूटआर्ग्ज आधी घातलेत तर परत मागे येताना तेही जातील.

टेकडीवरचा

मध्येच डोकावतो. कर्नलला हात देण्यापाशी दोन चुका वारंवार होतात, त्यांचा लायब्ररीशी संबंध नाही पण बोलणी तिलाच बसतात.

पहिली: डीटीबी कर्नल इमेजच्या लगेच मागे ठेवणं. इमेज फाइल जिथे संपते तिथे कर्नल संपत नाही, पुढे बीएसएस असतो. कर्नल तो शून्याने भरतो आणि तुमचा ट्री साफ. इमेजच्या हेडरमध्ये 'इमेज_साइझ' हे फील्ड आहे, त्यात बीएसएस धरलेला असतो. त्याच्या पलीकडे ठेवा.

दुसरी: कॅश. बदल डेटा-कॅश चालू ठेवून केलेत आणि उडी मारताना कॅश नुसती बंद केलीत, तर काही ओळी रॅममध्ये पोचलेल्याच नसतात. 'टोटलसाइझ'एवढा पट्टा क्लीन करा, मगच कॅश आणि एमएमयू बंद. एक्स० मध्ये डीटीबीचा भौतिक पत्ता, एक्स१ ते एक्स३ शून्य.

इनिटआरडीचा 'एंड' हा शेवटच्या बाइटच्या पुढचा पत्ता असतो, शेवटचा बाइट नव्हे, हेही जाता जाता.

काहीच छापलं जात नसेल तर बूटआर्ग्जमध्ये 'अर्लीकॉन' (कन्सोल लवकर सुरू करणारा पर्याय) घाला. आणि तापकीर गल्लीतून आणलेला यूएसबी-सीरियल तुकडा ३.३ व्होल्टचा आहे की ५ चा ते मल्टिमीटरने बघूनच जोडा. बोर्डाचा यूआर्ट १.८ व्होल्टचा असेल तर मध्ये लेव्हल शिफ्टर हवाच.

शून्य_ऑफसेट

या सगळ्यातलं ऐंशी टक्के बोर्डाला हात न लावता तपासता येतं. लिबएफडीटी साधी सी आहे, लॅपटॉपवर कंपाइल होते. तुमचं बदल करणारं फंक्शन वेगळ्या फाइलीत ठेवा. त्याला फक्त बफर, रॅमचा आकार, दोन मॅक आणि बूटआर्ग्ज द्यायचे, हार्डवेअरला स्पर्श नाही. मग पीसीवर अॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून खरा डीटीबी त्यातून काढा. बफरची लांबी मूळ आकारापासून ४-४ बाइटांनी वाढवत लूप चालवा: जागा पुरेपर्यंत प्रत्येक वेळी नीट 'नोस्पेस' परत यायला हवा, क्रॅश नको. कुठला रिटर्न कोड तपासायचा राहिलाय ते इथे लगेच उघडं पडतं.

बोर्डावर लिनक्स आल्यावर '/सिस/फर्मवेअर/एफडीटी' ही फाइल म्हणजे बूटलोडरने दिलेला ब्लॉब जसाच्या तसा. ती काढून 'डीटीसी -एस' ने क्रम लावून डीटीएस करा आणि पीसीवर निघालेल्याशी डिफ करा. फरक मॅक, रॅम आणि बूटआर्ग्ज एवढ्यातच दिसला पाहिजे.

भोसरी_बेअरमेटल

उत्तम. शेवटची शंका, सांभाळायचं कसं? सबमॉड्यूल ठेवू की फाइली कॉपी? आणि जुन्या पार्सरचं काय? तो वीसेक ठिकाणी वापरलाय.

खडकीकर

कॉपी करा. बिल्ड मशिनला इंटरनेट नसलं तरी अडत नाही. पण एका कमिटमध्ये फक्त वरची प्रत, संदेशात टॅगचं नाव, आणि त्या फोल्डरमध्ये स्वतःची एकही ओळ नाही. कर्नल आणि यू-बूट 'अपडेट-डीटीसी-सोर्स' नावाची स्क्रिप्ट वापरतात, ती बघून दहा ओळींची स्वतःची लिहा. सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या बिल्ड-चाचणीत) एक तपासणी ठेवा: वरचा टॅग उतरवून फोल्डरशी डिफ, फरक आला की बिल्ड लाल. लोक 'तात्पुरता' म्हणून एक प्रिंटएफ आत टाकतात आणि तीन वर्षांनी कुणाची अपडेट करायची हिंमत होत नाही.

अपडेट करताना एकच गोष्ट आवर्जून बघा. नव्या आवृत्त्या ८ बाइटांवर नसलेला ट्री उघडायलाच नकार देतात, एरर उणे १९. जुनी प्रत तो मुकाट्याने वाचायची. फ्लॅशच्या तुमच्या मांडणीत डीटीबीच्या आधी स्वतःचं १२ किंवा २० बाइटांचं हेडर असेल तर पहिल्याच दिवशी ठेच लागेल.

भोसरी_बेअरमेटल

२० बाइटांचं आहे!

खडकीकर

मग ते २४ करा, शेवटचे ४ राखीव. आणि फ्लॅशमधली सुरुवातही ८ च्या पटीत आहे ना ते लिंकर स्क्रिप्टमध्ये असर्टने पक्कं करा. गिऱ्हाइकांकडे लागलेल्या जुन्या बोर्डांची मांडणी बदलता येत नसेल तर आधी मेममूव्हने रॅममधल्या जुळलेल्या पत्त्यावर घ्या आणि मग 'चेक_हेडर'. किती बाइट न्यायचे ते तुमच्याच हेडरमधल्या लांबीवरून घ्या, ती सहीखाली असेल तर.

सोल्डरताई

जुन्या पार्सरचं: वीस ठिकाणी हात लावू नका. जुन्या फंक्शनांची नावं आणि आर्ग्युमेंटं तीच ठेवून आतून लिबएफडीटी बोलवा, जुन्या ६०० ओळी त्याच कमिटमध्ये काढा. दोन पार्सर एकत्र ठेवलेत तर एकाच डीटीबीबद्दल दोघांची मतं वेगळी निघतील, आणि तीही नेमकी नॉप टोकनवर. ४ नंबरचं टोकन तुमचा कोड ओळखतो का बघा. घरचे पार्सर बहुतेक १, २, ३ आणि ९ एवढेच ओळखतात.

भोसरी_बेअरमेटल

बघितलं. ४ आला की 'डिफॉल्ट'मध्ये जाऊन शोध थांबतो. काढतोय.